‘एनम आणि स्विच पुरतात’ या दाव्याचा प्रतिवाद

स्टेट मशीन (प्रोग्रामच्या ठरावीक अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या घटना यांची मांडणी) आणि स्टेटचार्ट (अवस्थांच्या पोटात अवस्था आणि समांतर अवस्थाही मांडू देणारे तिचे विस्तारित रूप) यांच्या मुक्तस्रोत लायब्रऱ्यांविषयी एक दावा प्रोग्रामर मंडळींत वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: अवस्था सांभाळायला दोन-तीन बूलियन (खरे किंवा खोटे एवढेच सांगणारी चले), फार तर एक एनम (ठरावीक नावांपैकी एका वेळी एकच घेणारा प्रकार) आणि एक स्विच (त्या नावानुसार पुढचे काम निवडणारी रचना) पुरतो, स्टेटचार्ट ही विमानासारख्या अवाढव्य यंत्रणांची गरज आहे, त्याची आकृती बैठकीत दाखवण्यापुरतीच असते, आणि लायब्ररी घेतली की आपण तिच्या कर्त्यांच्या मर्जीवर राहतो. यातला शेवटचा मुद्दा अंशतः खरा आहे. बाकीचे तीन टिकत नाहीत, आणि नव्याने काम शिकणाऱ्यांची त्यांमुळे दिशाभूल होते, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे.

आधी बूलियन. ‘लोडिंग’, ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ आणि ‘रद्द’ असे चार बूलियन ठेवले की १६ जोड्या संभवतात, पण त्यांतल्या फार तर ५ अर्थपूर्ण असतात. पैसे भरण्याचा पडदा घ्या. ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबले, विनंती सर्व्हरकडे गेली, उत्तर येण्याआधीच त्याने ‘रद्द करा’ दाबले आणि मग यशाचे उत्तर आले. आता ‘रद्द’ आणि ‘यशस्वी’ दोन्ही खरे आहेत, आणि ग्राहकाला काय दिसणार हे इफच्या अटी कोणत्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्यावर ठरते. जावास्क्रिप्टमधल्या एक्सस्टेटसारख्या स्टेटचार्ट लायब्ररीत एखाद्या अवस्थेत सुरू केलेले काम त्या अवस्थेशी बांधलेले असते. अवस्था सोडली की ते काम थांबवले जाते, प्रॉमिसचे (नंतर पूर्ण होणाऱ्या कामाचे) उशिरा आलेले उत्तर मशीनपर्यंत पोहोचत नाही आणि त्या अवस्थेतला टायमरही रद्द होतो.

पैशांच्या व्यवहारात मात्र उशिरा आलेले उत्तर टाकून देणे हेच धोक्याचे आहे, कारण खात्यातून रक्कम गेलेली असू शकते. म्हणून ‘पाठवले’ या अवस्थेत ‘रद्द करा’ ही घटना स्वीकारायचीच नाही, आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर ‘अनिश्चित’ या वेगळ्या अवस्थेत जाऊन सर्व्हरकडे चौकशी करायची, हा योग्य आराखडा. हा विवेक लायब्ररी पुरवत नाही. पण कोणत्या अवस्थेत कोणती घटना चालते हे लिहून काढावे लागत असल्यामुळे हा प्रश्न कोड लिहिण्याआधीच समोर येतो. बूलियनच्या कोडमध्ये तो ग्राहकाची तक्रार आल्यावर कळतो.

एनमने अशक्य जोड्या नाहीशा होतात, हे मान्य. तीन-चार अवस्थांचा सपाट प्रवाह असेल तर मीही लायब्ररी घेणार नाही. अडचण येते ती अवस्थांच्या पोटात अवस्था आल्यावर. एकच घटना आतली आणि बाहेरची अशा दोन्ही अवस्था हाताळू शकत असतील, तर मान कुणाचा? स्टेटमेट या जुन्या साधनात बाहेरच्या अवस्थेला प्राधान्य होते. यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची प्रमाण भाषा) आणि एससीएक्सएमएल (स्टेटचार्ट लिहिण्याची प्रमाण भाषा) यांत ते आतल्या अवस्थेला आहे. बाहेर पडताना आतून बाहेर, शिरताना बाहेरून आत. मशीनने स्वतःच निर्माण केलेली घटना बाहेरून आलेल्या घटनेच्या आधी. आणि एका घटनेचे काम पूर्ण झाल्याखेरीज दुसरी हातात घ्यायची नाही: हे सारे एससीएक्सएमएलच्या विनिर्देशात पायरीपायरीने लिहिलेले आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याचा पहिला मसुदा २००५ मध्ये प्रसिद्ध केला आणि अंतिम शिफारस १ सप्टेंबर २०१५ रोजी, यावरून या नियमांवर किती विचार झाला आहे याची कल्पना यावी. हाताने स्विच लिहिणारा हे सगळे निर्णय घेतोच, फक्त घेतले आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि दोन फाइलींत ते परस्परविरोधी निघतात. चांगल्या लायब्ररीचे खरे मोल या ठरलेल्या अर्थात आहे. वाचलेल्या ओळी ही दुय्यम बाब आहे.

स्टेटचार्टचा जन्म विमानाच्या कामात झाला, हे खरे आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या एव्हिऑनिक्सवर (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) काम करताना घडवली आणि त्यांचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यावरून ती लहान कामाला नको, असे ठरत नाही. व्हिडिओ कॉलचा पडदा पाहा: माइकच्या २ अवस्था, कॅमेऱ्याच्या २, स्क्रीन शेअरिंगच्या २ आणि जोडणीच्या ३. एकाच एनममध्ये हे बसवायचे तर २४ नावे लागतात. समांतर अवस्था मांडल्या तर ९ पुरतात. चार एनम वेगवेगळे ठेवता येतील, पण जोडणी तुटल्यावर शेअरिंग बंद करायचे असते आणि पुन्हा जोडल्यावर माइक पूर्वीच्याच अवस्थेत हवा असतो, म्हणजे एनमना एकमेकांची दखल घ्यावी लागते आणि ती जोडजोड पुन्हा हातानेच करावी लागते. मागची अवस्था लक्षात ठेवण्याची सोय स्टेटचार्टमध्ये मुळातच आहे.

आकृतीविषयीचा आक्षेप वेगळ्या काढलेल्या आणि म्हणून लवकरच शिळ्या होणाऱ्या आकृत्यांना लागू पडतो. एक्सस्टेटमध्ये मशीनची व्याख्या हाच डेटा असतो. त्याच व्याख्येवरून चित्रही निघते आणि अवस्थांमधले मार्ग शोधून चाचण्याही तयार करता येतात.

राहिला अवलंबित्वाचा मुद्दा. एक्सस्टेटची पाचवी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा अवस्था बदलण्याआधी तपासायच्या अटीचे नाव ‘कॉन्ड’चे ‘गार्ड’ झाले, मशीन चालू करण्यासाठी ‘इंटरप्रेट’च्या जागी ‘क्रिएटअॅक्टर’ आले, आणि मोठ्या कोडबेसवर काम करणाऱ्यांना ते बदल खरोखरच निस्तरावे लागले. हा खर्च लपवण्यात अर्थ नाही. तथापि परवाना एमआयटी (वापरायला आणि बदलायला मोकळीक देणारा) असल्यामुळे जुनी आवृत्ती कोणी हिरावून घेत नाही, आणि अवस्था, घटना, गार्ड या संकल्पना एका लायब्ररीच्या मालकीच्या नाहीत. निवड मात्र डोळसपणे करावी. पायथॉनच्या ‘ट्रान्झिशन्स’मधले मूळ मशीन सपाट आहे, पोटअवस्थांसाठी वेगळा क्लास घ्यावा लागतो; रुबीतले ‘एएएसएम’ही सपाटच आहे, आणि ऑर्डरची स्थिती नोंदवण्यासारख्या कामाला ते पुरते. मशीनची व्याख्या पडद्याच्या आणि नेटवर्कच्या कोडपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तर आवृत्ती किंवा लायब्ररी बदलताना मुख्यतः त्याच फाइलला हात लावावा लागतो.