खुलासा : पाटीवरचा मोठा आकडा हुतात्म्यांचा नाही

चावडीच्या भिंतीतल्या संगमरवरी पाटीचा फोटो सध्या सातारा भागातल्या ग्रुपवर फिरतोय. खाली लिहिलंय, ‘आपल्या गावचे इतके जवान फ्रान्समध्ये शहीद झाले. १९१९ हे साल चुकलंय, पाटी बदला.’

पाटी इंग्रजीत आहे, म्हणून गोंधळ झाला असावा. तिच्यावर दोन आकडे आहेत. मोठा आकडा पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांचा, लहान आकडा न परतलेल्यांचा. बाकीचे घरी आले, त्यांनी शेती केली, संसार केले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गावात आहेत. जिवंत परतलेल्या माणसाला कागदावर मारू नये, एवढं तरी आपण पाळूया.

सालही बरोबर आहे. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, पण युद्ध संपवणारा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. त्या काळच्या कितीतरी पाट्यांवर १९१४-१९१९ असंच कोरलेलं आढळतं.

आणि फ्रान्स? मराठा पलटणींची मोठी लढाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ पासूनचा वेढा आणि उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, पुढे कैदेतही अनेक जण दगावले. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर भारतीय शिपायांची नावं नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त मृतांची संख्या आहे. आपल्या पाटीवरही नावं नाहीत.

म्हणून पाटी हलवू नका. ज्यांच्या घरी जुनं पदक असेल त्यांनी त्याची कड पाहावी, तिथे बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते उतरवून ग्रामपंचायतीत द्या.