परवानगी तिनेच मिळवून दिली होती
जर्मन चित्रकार-शिल्पकार केथे कोलवित्झवरचा लेख आवडला. नवरा कार्ल बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर, त्याचे रोगी ती रोज बघायची; तिच्या चित्रांतली गरिबी ऐकीव नव्हती, हे छान आलंय. पण एक गोष्ट राहिली. धाकटा मुलगा पीटर जेमतेम १८ वर्षांचा, पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला वडिलांचा नकार होता. केथेनेच त्यांचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४मध्ये पोरगा बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या दफनभूमीतलं तिचं 'शोकमग्न आईवडील' हे शिल्प उभं राहायला १९३२ उजाडलं! गुडघे टेकलेले दोघं, एकमेकांजवळ असूनही आपापल्यात मिटलेले. (मी फोटोतच पाहिलंय, तरी पुरे झालं.) पुढे १९४२मध्ये नातूही रशियात मारला गेला. त्याचंही नाव पीटरच.