बरं असताना येणारी पत्रं

माझ्या धाकट्या भावाचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, आलं आणि आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनं भांडण नव्यानं पेटलं. भाऊ नाशकात, वय ७१. मी इंग्लंडात लेस्टरला, वय ७३. इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हिशेब खात्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. भावानं कार्डाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ताई, आता आमच्याकडेही तुमच्यासारखंच. पाच लाखांपर्यंत सगळं फुकट." पुण्याच्या मावसबहिणीनं लगेच टोला हाणला की विलायतेतलं फुकट तिला चांगलं ठाऊक आहे, तिच्या मुलाचा कान तीन आठवडे ठणकत होता तरी कानाचा डॉक्टर म्हणून दिसला नाही, आणि पुण्यात संध्याकाळी सातला नंबर लावला की साडेसातला तपासून मोकळं.

दोघंही खोटं बोलत नव्हते, म्हणून मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

आधी आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं सांगते. इथे गुडघा दुखला की आधी जीपी, म्हणजे आपला नेमलेला डॉक्टर. त्याची वेळ मिळवायची म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि "तुमचा रांगेतला क्रमांक तेविसावा" हे ऐकत, स्पीकर चालू ठेवून चहा टाकायचा. मग फिजिओथेरपी, मग एक्स-रे, मग हाडाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, मग वाट. नियमानं अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत. इंग्लंडभराचा हिशेब धरला तर हा नियम २०१६ पासून पाळलाच गेलेला नाही आणि प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या पुढे आहे. आम्ही अकरा महिने थांबलो. पलंग खाली बैठकीच्या खोलीत आला. गंमत म्हणजे गुडघ्याला अकरा महिने लावणाऱ्या याच देशात, जिन्याला दुसरा कठडा आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला कौन्सिलचा माणूस दोन आठवड्यांत आला. एक पेनी घेतली नाही. वर ह्यांना दोनदा जिना चढा-उतरायला लावून, दांड्याची उंची बरोबर आहे ना ते पाहून गेला.

भावाचा गुडघा गेल्या वर्षी झाला. ठरल्यापासून नवव्या दिवशी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा जल्लोष झाला होता! पण गुडघा हा बिलातला एक आकडा. त्याच्या खाली खोली, थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि "किरकोळ साहित्य" असतं, जे कधीच किरकोळ नसतं. घरी सोडायच्या दिवशी सकाळी दहाला पिशव्या भरून झाल्या आणि विमा कंपनीची अंतिम मंजुरी यायला रात्रीचे आठ वाजले. नियमात तीन तास लिहिलेत. भाचा तोवर मेडिकलच्या चिठ्ठ्या घेऊन दहा वेळा खाली-वर करत होता, वहिनी तीन रात्री लोखंडी बाकड्यावर झोपली होती. तरीही, नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. अकरा महिने दुखणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये.

इथवर भाऊ जिंकला असं म्हणायला माझी हरकत नाही. आमच्याकडच्या आपत्कालीन विभागाची गोष्ट सांगितली तर तो आणखीच जिंकेल. मागच्या हिवाळ्यात हे मागच्या दारी बर्फावरून घसरले. संध्याकाळी सातला आम्ही पोचलो. चार तासांत निकाल लावायचं इथलं उद्दिष्ट इंग्लंडनं २०१५ नंतर देशपातळीवर एकदाही गाठलेलं नाही, आणि त्या रात्रीही ते गाठलं जाणार नाही हे दारातच कळत होतं. ह्यांची ट्रॉली रात्रभर बोळात, प्रसाधनगृहाच्या दाराशी. शेजारच्या ट्रॉलीवर नव्वदीची आजी, तिला दर दहा मिनिटांनी वाटायचं की तिची बस चुकली. कोट्टयमची एक नर्स येता-जाता दोघांच्या अंगावरची पांघरुणं सारखी करत होती, मला म्हणाली, "आंटी, तुम्ही तरी खुर्ची सोडू नका, गेली तर परत मिळणार नाही." कंबर धड निघाली, मनगट मोडलं होतं. सकाळी नऊला प्लास्टर घालून बाहेर पडलो. ह्यांचा चांगला हात सवयीनं खिशाकडे गेला. इतकी वर्षं झाली तरी जातोच. पण पैसे भरायला इथे काउंटरच नाही.

भांडणात दोन्ही बाजू याच दोन चित्रांवर येऊन थांबतात: एकीकडे बिल, दुसरीकडे बोळ. माझा आक्षेप इथेच आहे. म्हातारपणातले इस्पितळात गेलेले दिवस मोजले तर माझे सगळे मिळून पंधरा भरतील. बाकीच्या दिवसांचं काय?

त्या बाकीच्या दिवसांत मला पत्रं येतात. मला मधुमेह आहे, तेव्हा डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढायला ठरावीक काळानं बोलावणं येतं. वर्षातून एकदा पायांची तपासणी. नर्स मोजे काढायला लावते, डोळे मिटायला सांगते आणि नायलॉनचा एक बारीक, मासेमारीच्या दोऱ्यासारखा तंतू तळव्याला टेकवत जाते. "लागलं की हो म्हणा." अंगठा, चवडा, करंगळीच्या खाली. पाच मिनिटांचं काम, यंत्र नाही, वीजसुद्धा लागत नाही. पायाची जाणीव गेलेली असली तर इथेच कळतं. नाहीतर चप्पल चावलेली कळत नाही, जखम चिघळते आणि मग गोष्ट बोटं कापण्यापर्यंत जाते. भावाला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. साखर तो रोज मोजतो, आकडा ग्रुपवर टाकतो. मी विचारलं, "तुझ्या तळव्याला कधी दोरा लावून बघितलाय का रे कोणी?" म्हणाला, "पायाला काही झालेलंच नाही, तर दाखवू कशाला?"

आणखी एक पत्र येतं, त्याचं नाव काढलं तरी हे ताटावरून उठतात. आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचं. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी टपालानं एक पाकीट येतं. आत झाकणालाच काडी जोडलेली इवलीशी बाटली, सूचनांची चित्रं आणि परतीचं पाकीट. आपण आपला नमुना काडीवर घ्यायचा, बाटली बंद करायची, तारीख घालायची आणि कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत टाकायची. ह्यांनी एकदा ते पाकीट आठवडाभर तसंच ठेवलं. "राणीच्या टपालात हे टाकायचं?" मी म्हटलं, राणीलाही पोट आहे. शेवटी अंधार पडल्यावर, टोपी कपाळावर ओढून जाऊन टाकून आले. पंधरवड्यात उत्तर: पुढे काही तपासायची गरज नाही. त्याआधी, पासष्टाव्या वर्षी, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे का ते पाहायला सोनोग्राफीला बोलावलं होतं. इथे त्या वयाच्या सगळ्या पुरुषांना बोलावतात. ह्यांनी कधी पोट दुखतं म्हटलं नव्हतं, कोणाला विचारलंही नव्हतं.

माझ्या मते आमच्या दोन देशांतला फरक इतकाच आहे. इथे बरं असताना बोलावतात आणि दुखायला लागलं की थांबायला लावतात. तिथे दुखायला लागलं की हातोहात घेतात, पण तोवर तुम्ही कोण हे कोणाच्या गावी नसतं.

याला अपवाद होता, तो म्हणजे आमच्या लहानपणचा फॅमिली डॉक्टर. आमच्या डॉक्टरांना आईच्या दम्यापासून शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं तोंडपाठ होतं. रस्त्यात दिसलो तरी "जीभ दाखव" म्हणायचे. ते गेले, त्यांच्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मुलगा मोठा तज्ज्ञ झाला आणि तज्ज्ञाकडे आपण दुखणं घेऊनच जातो. सरकारची योजना नाही असं नाही. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासायचं काम आरोग्य केंद्रांकडे दिलेलं आहे. खेड्यात आशाताई दारोदार फिरतात, त्यांना मी नमस्कार करते. गंगापूर रोडवरच्या भावाच्या सोसायटीत मात्र अशा कोणी बेल वाजवल्याचं त्याला आठवत नाही.

आता कार्डाकडे येते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार ही लहान गोष्ट नाही. ज्या घरांनी आजोबांच्या बायपाससाठी शेत विकलंय, त्यांना विचारा. "फुकट्यांचे लाड" म्हणून नाक मुरडणारे आमच्या ग्रुपवर आहेत. त्यातल्या दोघांचे उपचार नोकरीभर सरकारी आरोग्य सुविधेतूनच झाले. पण हे कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधं त्यात येतात. रोजची रक्तदाबाची गोळी, दर तीन महिन्यांची रक्तचाचणी, चष्मा, दात, कवळी यांतलं काही येत नाही. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात उठला, त्याचाही आनंदच आहे, पण ती वाटसुद्धा शेवटी इस्पितळाच्याच दाराशी जाते. मला इथे साठीनंतर गोळ्यांचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे "या महिन्यात एक दिवसाआड घेते" असं म्हणायची वेळ येत नाही. नाशकात माझी वहिनी हे म्हणते. जनऔषधी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण "त्या गोळ्यांत दम नसतो" असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलंय.

बसचंही तसंच. मला पास आहे. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर इंग्लंडभर कुठलीही लोकल बस मोफत. नऊ पंचविसाला स्टॉपवर उभं राहून ड्रायव्हरला "फार लवकर आलो का?" विचारणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना इथे थट्टेनं "ट्वर्ली" म्हणतात, "टू अर्ली"चा अपभ्रंश. मी अस्सल ट्वर्ली आहे. बसनं वाचनालयात जाते, भाजी आणते, उगाच शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येते. रोज चार-पाच हजार पावलं होतात, चार माणसांशी बोलणं होतं. याला मी औषधच धरते. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत केली तेव्हा खेड्यापाड्यांतले म्हातारे लेकीकडे, देवाला, डोळे दाखवायला निघाले. रेल्वेनं मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये काढली ती अजून परत दिलेली नाही. या दोन्हींवर घरी वाद होतो तो तिजोरीचा. एसटीत बसलेली आजी घरात पडून राहिली असती तर तिचे गुडघे आणि तिचं डोकं यांचं काय झालं असतं, हा हिशेब कोणी मांडत नाही. अर्थात बसपर्यंत पोचायला पदपथ लागतो. नाशकात सीबीएस बसस्थानकापाशी भावाचा हात धरून रस्ता ओलांडताना मला जेवढी धाप लागली, तेवढी इथल्या चढावर लागत नाही.

"मग परत या की," असं दर दिवाळीला कोणीतरी म्हणतं. दोन अडचणी आहेत, त्या कोणाला माहीत नसतात म्हणून सांगते. इथली सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण गोठते. इथे ती दर एप्रिलला वाढते. भारतात राहायला गेलं की जाताना जो आकडा असेल तोच मरेपर्यंत. आणि एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ही इथे राहणाऱ्यांसाठी आहे. चाळीस वर्षं कर भरला म्हणून नाशकात राहून गुडघा बदलायला इथे फुकट येता येत नाही. म्हणजे एकदा उठलो की उठलो.

न उठण्यातही धोका आहे. इथे उपचार फुकट, सांभाळ नाही. अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागला की कौन्सिल तुमची शिल्लक बघते. इंग्लंडात ती २३,२५० पौंडांच्या वर असली की खर्च तुमचा तुम्ही करायचा, आणि कायमचं केअर होममध्ये गेलात तर एकट्या माणसाचं घरही त्यात धरतात. नाशकात ब्युरोची बाई मिळते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. भावाकडच्या मावशींनी त्याला गुडघ्यानंतर चालायला लावलं ते दमात घेऊनच. अशी मावशी इथे परवडायची नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा मी हाच हिशेब करते, आणि तो जुळत नाही.

दोन दिवसांनी ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की जानेवारीत येतेय, येताना नायलॉनचा तो तंतू आणीन, पाय धुऊन ठेव. भावाचं उत्तर मिनिटभरात आलं, "ताई, तू ये, चार दिवस राहा. पण मला झालंय काय?"