टांगा, करवंट्या आणि मामासासरे

कोजागिरीला गच्चीवर दूध उतू जायला आणि आमच्या मामासासऱ्यांनी तोंड उघडायला एकच गाठ पडली. कुणीतरी मोबाइलवर संगीतकार ओ. पी. नय्यर यांची जुनी गाणी लावली होती.

"ओ. पी. नय्यर? छे हो जावईबापू," मामा म्हणाले, "त्यात ऐकण्यासारखं काय आहे? टकटक, टकटक. एक घोडा धरला माणसाने आणि त्याच्यावर आयुष्य काढलं."

ओपी ठाण्यात राहिले, 28 जानेवारी 2007 ला ठाण्यातच गेले. त्या ठाण्यातल्या गच्चीवर बसून असं बोलणं म्हणजे देहूला जाऊन तुकोबांच्या मात्रा चुकल्यात म्हणण्यासारखं. दुसरा कुणी असता तर मी त्याचा पेला काढून घेतला असता. पण हे मामासासरे. बायकोला हाताला धरून बोहल्यापर्यंत यांनी आणलं. त्या उपकाराचं व्याज मी 26 वर्षं ऐकून घेऊन फेडतोय.

खरी पंचाईत वेगळीच आहे. आरोप अगदीच खोटा नाही. घोड्याच्या टापांसारखा टांग्याचा ठेका त्यांच्या गाण्यांत आहे, चिक्कार आहे. आम्ही भक्त आपापसांत तो कौतुकाने मोजतोसुद्धा. पण आपल्या आजीला ऐकू येत नाही हे घरच्यांनी म्हणावं, शेजाऱ्याने नव्हे.

"मामा," मी आवाज मऊ ठेवून म्हटलं, "'नया दौर' हा सिनेमाच टांगा विरुद्ध बस असा आहे. दिलीपकुमार टांगेवाला. तिथे टांगा नाही वाजवायचा तर काय विमान?"

"मग बस का नाही वाजवली?"

याला उत्तर नाही. 1957 सालच्या त्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, हे मी सांगायला गेलो, तर मामांनी "पारितोषिकांचं काय घेऊन बसलात" म्हणून हात झटकला आणि त्या झटक्यात चारोळी माझ्या शर्टावर आली.

माझा आवाज चढलेला ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे काका मदतीला आले. हे पक्के नय्यरभक्त. देव असा मदतनीस शत्रूलाही न देवो. खुर्ची ओढता ओढताच त्यांनी हुकमाचं पान टाकलं : "अहो, लताबाईंकडून एकही गाणं न गाऊन घेता हा माणूस वर आला! एकही!"

माहिती शंभर टक्के खरी. पण मराठी गच्चीवर, कोजागिरीच्या चंद्राखाली, मामींच्या समोर? तोवर मामी आमच्या बाजूच्या होत्या. निदान दूध तरी आटवत होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली. "म्हणजे नुकसान कुणाचं झालं?" एवढंच विचारलं आणि काकांना साय न घालता दूध दिलं.

मी घाईने विषय शास्त्रीय संगीताकडे वळवला. 1960 च्या 'कल्पना'तलं रफी आणि मन्ना डे यांचं 'तू है मेरा प्रेम देवता' घ्या म्हटलं, ललत राग आहे, घोडा औषधालाही नाही. मामांनी "ललत पहाटेचा" एवढं सांगून रात्री साडेदहाला तो ऐकायला नकार दिला. मग मी शेवटचा उपाय केला. नाव न सांगता आशाबाईंचं 'चैन से हमको कभी' लावलं.

गच्ची गप्प झाली. मामांचे डोळे मिटले. गाणं संपल्यावर ते हळूच म्हणाले, "मदनमोहनच असं करू जाणे."

"नय्यर!" मी आणि काका एकदम ओरडलो. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

मामा जराही विचलित झाले नाहीत. "असं होय? म्हणजे एक चांगलं केलं म्हणायचं."

इथे माझा तोल गेला. ओल्या नारळाच्या करंज्यांसाठी नारळ खवून झाले होते, दोन करवंट्या पातेल्याशेजारी पडल्या होत्या. त्या उचलल्या आणि टेबलावर दाखवू लागलो, की मामा, टांगा-टांगा काय करता, दोन टांगे सारखे नसतात. हा 'मांग के साथ तुम्हारा'चा, मोकळ्या रस्त्यावरचा. आणि हा 'जरा हौले हौले'चा, बघा कसा लाडात येऊन चाललाय. केरवा ताल तोच, पण घोड्याचा स्वभाव वेगळा! दोन करवंट्यांत मला ते जमेल असं का वाटलं, देव जाणे. ओपींकडे सेबॅस्टियन डिसूझांसारखा, वाद्यमेळ बांधून देणारा गोव्याचा अरेंजर होता, माझ्याकडे अर्ध्या खवलेल्या करवंट्या. पोरं गोळा झाली. एकाने व्हिडिओ काढला. मी घामाघूम होऊन थांबलो, तेव्हा टेबलभर खोबऱ्याचा कीस होता आणि गच्चीवर मला दोन्ही टांगे अगदी एकसारखे ऐकू आले होते.

"टकटक, टकटक," मामा प्रेमाने म्हणाले. "हेच सांगत होतो मी."

बायकोने करवंट्या हातातून काढून घेतल्या. काका न बोलता खाली गेले.

सकाळी सातला मामांचा फोन. "जावईबापू, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुमचं ते टकटक डोक्यातून जाईना." मी क्षमा मागावी की आनंद मानावा या विचारात असतानाच त्यांनी घसा खाकरला. "आणि ते दुसरं. आशाबाईंचं. सिनेमा कुठला तो? बघावा म्हणतो."

मला भरून आलं. "'प्राण जाए पर वचन न जाए', 1974," मी म्हटलं. आणि खरं बोलायची खोड आहे म्हणून पुढेही बोललो, "पण सिनेमात ते गाणं दिसणार नाही, मामा. कापलं होतं. पुढे त्यालाच आशाबाईंना फिल्मफेअर मिळालं, पण पडद्यावर नाही."

पलीकडे क्षणभर शांतता.

"बघा," मामा म्हणाले, "टांगा नव्हता ना त्यात. लोकांना ओळखू कसं येणार, नय्यरचं आहे म्हणून?"