बूस्ट आणि शेजारचे काका

लिनक्स कर्नेलमधील, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील, प्रोसेसरचा वेग हाताळणारे छोटे प्रोग्रॅम, अर्थात ड्रायव्हर, सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, आपल्या लॅपटॉपचा पंखा एवढा का घोंघावतो याचा जाब मला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे शेजारच्या काकांचे ठाम मत आहे.

वास्तविक वेग मी वाढवत नाही. इंटेलने २००८ साली नेहेलम प्रोसेसरमध्ये टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेनुसार मूळ वेगाच्या वर तात्पुरते उसळणे, आणले, एएमडीने २०१० साली तसेच टर्बो कोअर आणले, आणि तेव्हापासून तापमान, विजेचा वापर व जागे असलेले कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) पाहून किती उसळायचे हे प्रोसेसर स्वतःच ठरवतो. ड्रायव्हरच्या हाती उरतो तो परवानगीचा एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच खूण, आणि तोही उलटा. इंटेलच्या रजिस्टरमधील (प्रोसेसरच्या आतल्या नोंदीच्या जागेतील) ३८ क्रमांकाचा किंवा एएमडीच्या रजिस्टरमधील २५ क्रमांकाचा बिट १ केला की बूस्ट बंद होते. म्हणजे होकार कळवायचा असेल तर शून्य लिहावे लागते. हा उलटेपणा लोकांना सोसावा लागू नये म्हणून कर्नेलने ‘बूस्ट’ नावाची फाइल दिली, जिच्यात १ म्हणजे चालू. इंटेल पीस्टेट ड्रायव्हरने मात्र ‘नो टर्बो’ नावाची फाइल दिली, जिच्यात १ म्हणजे बंद. शिवाय फर्मवेअरनेच, म्हणजे संगणकात आधीपासून बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमनेच, टर्बो बंद ठेवले असेल, तर या फाइलीत काही लिहू पाहणाऱ्याला परवानगी नाकारली जाते.

“एक लिहू की शून्य?” काका फोनवर विचारतात.

“काका, आधी फाइलीचे नाव वाचा.”

त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर निघाला एसीपीआय ड्रायव्हर, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या माहितीवर चालणारा. त्याला फर्मवेअरकडून वेगांचा जो तक्ता मिळतो, त्यात टर्बोची नोंद मूळ वेगापेक्षा केवळ एक मेगाहर्ट्झ जास्त दाखवण्याची रीत आहे. त्यामुळे २४०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा टर्बो यादीत २४०१ दिसतो, प्रत्यक्षात तो तीन हजारांच्या पलीकडे का जाईना. काकांनी ती यादी वाचून दाखवली आणि विचारले, “एका मेगाहर्ट्झसाठी एवढा आवाज?” या प्रश्नाला माझ्याकडे सभ्य उत्तर नव्हते.

त्यातून बूस्ट बंद ठेवलेले असताना एखादा कोअर झोपवायचा, म्हणजे वापरातूनच काढायचा असेल, तर त्याच्या रजिस्टरमधील मनाईचा बिट आधी पुसावा लागतो. तसे केले नाही, तर कपाटाची किल्ली खिशात घालून गावाला गेलेल्या माणसाप्रमाणे तो झोपलेला कोअर पुढे उरलेल्यांच्या बूस्टच्या आड येऊ शकतो. म्हणून ड्रायव्हर निजताना बिट पुसतो आणि कोअर जागा झाला की चालू धोरणानुसार पुन्हा लिहितो. एवढी काळजी घेणाऱ्या या ओळींचे कौतुक आजवर कोणी फोन करून केलेले नाही.

काकांनी अखेर बूस्ट बंद केले आणि पंखा शांत झाला. आता व्हिडिओ कॉल अडखळतात, त्यामुळे त्यांच्या फोनची वारंवारता वाढली आहे, आणि तिच्यावर मर्यादा घालणारी फाइल कर्नेलमध्ये नाही.