वाळपईहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: ओटीडीआरचे मीटर आणि रस्त्याचे मीटर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं: फायबर केबल कुठे तुटली ते शोधायला ओटीडीआर (केबलमध्ये प्रकाश सोडून तुटीचं अंतर सांगणारं मशीन) वापरा असं मी लिहिलं, मशीनने ३.४ किलोमीटर दाखवलं, तुम्ही भर पावसात तिथला जांभा फोडलात, केबल धडधाकट निघाली आणि तूट ९० मीटर अलीकडे सापडली. ‘यापेक्षा लाल पेन बरा,’ म्हणजे फायबरमध्ये लाल उजेड सोडणारी पेनाएवढी टॉर्च. राग येणं साहजिक आहे. तरी मशीनला दोष देणं मला पटत नाही.

ओटीडीआर मोजतो तो वेळ. पल्स, म्हणजे प्रकाशाचा छोटा ठोका, तुटीपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून आणि तुम्ही भरलेल्या इंडेक्सवरून (काचेत प्रकाश किती हळू जातो त्याचा आकडा) तो मीटर काढतो. सिंगल मोडला (लांबवर जाणाऱ्या केबलमधल्या नेहमीच्या फायबरला) इंडेक्स साधारण १.४६८ असतो. तिथे १.४६० राहिला, तर ३.४ किलोमीटरला १८-१९ मीटर उगाच वाढतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेंबरमध्ये आणि जॉइंटपाशी गुंडाळून ठेवलेली जादा केबल. प्रकाश त्या वेटोळ्यांतून फिरून येतो, स्कूटरचा मीटर ती धरत नाही. दर ठिकाणी १०-१५ मीटर म्हटलं, तरी पाच-सहा चेंबरांत तुमच्या ९० मीटरांचा हिशेब लागतो.

म्हणून एक्स्चेंजपासून मोजत येऊच नका. ट्रेसवर (मशीनने काढलेल्या आलेखावर) तुटीच्या आधीचा शेवटचा जॉइंट बघा. तो रस्त्यावर कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. टेप तिथून धरा. जमलं तर पलीकडच्या टोकानेही ट्रेस घ्या. पल्सही आखूड ठेवा: १ मायक्रोसेकंदाचा पल्स सुमारे १०० मीटर जागा व्यापतो, मग जॉइंट आणि तूट एकातच मिसळतात.

लाल पेनाबद्दल: खांबापासून घरापर्यंतच्या तुकड्याला, पिवळ्या पॅचकॉर्डला तो उत्तमच. काळ्या जाड आवरणातून किंवा मातीखालून तो उजेड दिसणार कसा? आणि माडाची झावळ पडून केबल नुसती दुमडली असेल, तर पेन दुसऱ्या टोकाला उजेड दाखवेल आणि गिऱ्हाईकाचं नेट रडतच राहील. तिथे १३१० आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर दोन ट्रेस घ्या. १५५० वर लॉस (प्रकाशाची घट) ठळकपणे जास्त दिसला, तर ती दुमडच समजा.

त्या दिवसाची ट्रेस फाइल सेव्ह केली असेल तर पाठवा. इंडेक्स आणि पल्स किती ठेवला होता, हे त्यातच सापडेल.