‘सास्काचेवानची पीआर, १४ लाखांत हमखास’

साताऱ्याच्या आतेभावाने परवा एक मेसेज पाठवला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा फिरून गेला होता. मजकूर पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्याचा, असा: ‘कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात माणसं कमी, म्हणून कुणालाही घेतात. ऑफर लेटर आम्ही देतो. प्रांताचं नॉमिनेशन आलं की पीआर पक्की. मग खुशाल टोरांटोला जा. वकील नको, कन्सल्टंट नको. पॅकेज १४ लाख.’ खाली भावाचा प्रश्न: ‘दादा, ॲडव्हान्स पाठवू का?’ मी सास्काचेवानच्या राजधानीत, रिजायनात राहतो, म्हणून मला विचारलं.

आधी ऑफर लेटर, कारण खरी विक्री त्याचीच आहे. नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं सास्काचेवानमध्ये बेकायदा आहे. २०१३ पासून त्यासाठी कायदा होता, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा इमिग्रेशन सर्व्हिसेस ॲक्ट आलाय. एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस कामावर ठेवायला मालकाला लागणारा सरकारी कागद, त्याची फी १,००० डॉलर. ती मालकानेच भरायची, कामगाराच्या खिशातून काढायची नाही. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर माणसं निवडायच्या केंद्र सरकारच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरला ५० किंवा २०० गुण मिळायचे, तेही २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. हे कागद विकायचा धंदा बोकाळला होता, म्हणूनच. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि ऑफर खोटी निघाली तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येते ती अर्जदारावर. अर्जावर सही त्याची असते, एजंटाची नाही.

‘कुणालाही घेतात’ हे तर सरळ खोटं. नॉमिनेशन म्हणजे पीआरसाठी प्रांताने केलेली शिफारस. २०२४ मध्ये प्रांताच्या वाट्याला अशी ७,२५० नॉमिनेशन होती. २०२५ च्या सुरुवातीला ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, ती निम्म्यावर, ३,६२५ वर आणली. वर अट घातली की त्यातली पाऊण आधीच कॅनडात तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांना द्यायची. नंतर थोडी भर पडली, पण साताऱ्यात बसून अर्ज करणाऱ्यासाठी किती उरतं?

नॉमिनेशन म्हणजे साखरपुडा. लग्न ओटावातच लागतं. एक्स्प्रेस एन्ट्रीतून गेलात तर नॉमिनेशनचे ६०० गुण मिळतात आणि अर्जाचं बोलावणं जवळपास नक्की होतं, इतकंच. मेडिकल, पोलिसांचा दाखला, सुरक्षा तपासणी हे सगळं केंद्र सरकार बघतं आणि तिथेही नकार येऊ शकतो.

टोरांटोचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. पीआर मिळालेल्या माणसाला कुठल्याही प्रांतात राहायचा हक्क कॅनडाच्या घटनेच्या सनदेतल्या सहाव्या कलमाने दिलाय. पण अर्जात तुम्ही सांगता की मला सास्काचेवानमध्येच राहायचंय. पुढे काही वर्षांनी नोकरीपायी हललात तर तो गुन्हा नाही. पहिल्या दिवसापासून टोरांटोचं ठरवून इथली कळकळ दाखवणं म्हणजे मात्र खोटं बोलणं. आणि हे महाशय तसा बेत व्हॉट्सॲपवर लेखी देतात!

‘वकील नको’ हेही ऐकायला बरोबर वाटतं. अर्ज स्वतः भरता येतो, मीही भरला होता. २०२४ मध्ये मुख्य अर्जदाराची पीआरची सरकारी फी १,५२५ डॉलर झाली, म्हणजे लाखाच्या आसपास. प्रांताची फी वेगळी. पण पैसे घेऊन सल्ला द्यायचा असेल तर तो वकील हवा किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या कन्सल्टंटांना लायसन देणाऱ्या संस्थेचा सभासद. ओंटारिओचे पॅरालीगल आणि क्वेबेकचे नोटरीही चालतात. कॉलेजची यादी कुणालाही फुकट ऑनलाइन बघता येते. ‘फॉर्मवर आमचं नाव घालू नका’ असं जो सांगतो त्याला इथे घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. पीआर घेऊन इथे आल्यावर रिजायना आणि सास्काटूनच्या ओपन डोअर सोसायट्या घर, शाळा, इंग्रजीचे वर्ग यांसाठी पैसे न घेता मदत करतात. हातात पैसा नसेल तर प्रो बोनो लॉ सास्काचेवानच्या क्लिनिकमध्ये कायद्याचा सल्ला फुकट मिळतो.

शेवटी मेसेजमधल्या नंबरवर मीच फोन लावला आणि लायसन नंबर मागितला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, ‘सर, तो कॉन्फिडेन्शियल असतो. ॲडव्हान्स भरल्यावर देतो.’